सवतीची दोन मिनिटं

लेकीच्या अकरावी-बारावीसाठी मी लातूरला खोली करून राहिले आणि मागं नांदेडला आमच्या ह्यांनी माझ्यावर सवत आणली. आणली तरी कशी म्हणू? ती माझ्या आधीपासून त्या घरात होती. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली क्रीम रंगाची फियाट. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि डाव्या दाराची काच हातानं ओढून वर करावी लागायची. माझ्या लग्नाची वरात तिच्यातूनच निघाली होती. पुढं वीसेक वर्षं, अडीनडीला बाहेर काढली तेवढी सोडून, ती अंगणातल्या लिंबाखाली मुकाट उभी राहिली, त्यामुळं मी तिला कधी मोजलंच नाही. तिथंच मी चुकले.

तेव्हाचं लातूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. भूकंपाला काही वर्षं होऊन गेलेली. भूकंपामुळं ज्या गावाचं नाव देशभर झालं होतं, ते आता बोर्डाच्या निकालामुळं होत होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. लोकांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या होत्या आणि त्या खोल्यांत पोरं आणि पोरांच्या आया राहायच्या. माहूर, हिमायतनगर, बिलोली, कुठून कुठून बायका गॅसची शेगडी आणि गाद्या घेऊन आलेल्या. नवरे तिकडं नोकरी नाहीतर शेती सांभाळायचे. आम्ही पोरांना पहाटे उठवायचं, दूध प्यायला लावायचं, क्लासला धाडायचं आणि मग दिवसभर एकमेकींच्या नवऱ्यांची हजेरी घ्यायची. कुणाचा रविवारी आला, कुणाचा नाही आला, येताना पिशवीत काय घेऊन आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून बिनपगारी रजा काढून आले होते, म्हणून सगळ्या मला मॅडम म्हणायच्या. मॅडमच्या नवऱ्यावर अंमळ जास्तच नजर असायची.

माझ्या शेजारच्या खोलीत बिलोलीची एक बाई होती. स्वभावानं चांगली, पण तिचा नवरा दर शनिवारी न चुकता यायचा, हे मला सहन होत नव्हतं. कधी सीताफळं, कधी शेतातल्या शेंगा, एकदा तर तिच्यासाठी मोगऱ्याचं रोप घेऊन आला. ती मुद्दाम माझ्या दारात उभी राहून म्हणायची, "आमचं येडं येऊन बसलंय बगा सकाळधरनं. कटाळा आला बाई मला." कंटाळा आलेल्या बाईचं तोंड असं फुललेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. मी हसायची, आत जायची आणि कणीक अशी तिंबायची की लेक म्हणायची, "आई, परात फुटंल."

आमच्या ह्यांचं नांदेडच्या एमआयडीसीत डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. माणूस बोलायला कमी, हात कायम काळे. सुरुवातीला तेही दर रविवारी यायचे. मग एक रविवार आड यायला लागले. मग "काम लई हाय" असं एसटीडी बूथवर फोन करून सांगायला लागले. मी काळजीपोटी त्यांच्यासाठी डबा धाडायची. तेव्हा ती पद्धतच होती. गावाकडून लातूरच्या पोरांना एसटीनं डबे यायचे, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीत ओळीनं लटकलेले. माझा तेवढा उलटा जायचा, लातूरहून नांदेडला. धपाटे, शेंगाची चटणी, आठवडाभर टिकेल असं काहीबाही. रिकामा डबा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत यायचा.

एकदा परत आलेला डबा मी उघडला तर आत रॉकेलचा वास. घासला, चिंचेनं घासला, तरी वास. पुढच्या खेपेला तळाशी काळं तेल आणि एक वायसर. आपण ज्यात प्रेमानं धपाटे पाठवतो त्यात कुणीतरी नटबोल्ट भिजत घालतंय, हे कळल्यावर बाईच्या मनात काय काय येतं ते मी सांगत बसत नाही. पण माझ्या मनात त्याहून वाईट आलं. नांदेडहून आलेली एक ओळखीची बाई सहज बोलून गेली होती की साहेब रोज संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडतात, विष्णुपुरीच्या बाजूला. रोज संध्याकाळी? वीस वर्षांत मला त्यांनी विष्णुपुरीचं धरण तीनदा दाखवलं असेल, तेही पाहुणे आले म्हणून. मी मनातल्या मनात तिची उंची, रंग, साडी सगळं ठरवून टाकलं. ती बारीक होती, तिला धपाटे करता येत नव्हते, आणि माझे धपाटे ती खात होती.

त्यानंतरच्या रविवारी हे आले ते गाडी घेऊन. एसटी सोडून गाडी का, असं मी विचारणार तोवर माझं लक्ष आवाजाकडं गेलं. त्या गाडीचा खोकल्यासारखा जुना आवाज मला पाठ होता. आता त्यात एक बारीक शिट्टी मिसळली होती. मी चहा कपात ओतून दारात उभी राहिले. गाडी फाटकाशी थांबली. पण हे उतरेनात. इंजिन चालू, हे आत, हात स्टिअरिंगवर, मान जरा कलती, काहीतरी ऐकत असल्यासारखे. चहावर साय धरली. बिलोलीची खिडकीत येऊन उभी राहिली.

"बंद करा की ती! आत या," मी म्हटलं.

"दोन मिन्टं," ते म्हणाले.

खरोखर तेवढा वेळ ते तिच्याजवळ बसून राहिले. मग किल्ली फिरवली, उतरले, आणि जाता जाता बॉनेटवर तळहात ठेवला. मी पंधरा दिवसांनी दिसत होते. माझ्या खांद्यावर त्यांनी लोकांसमोर कधी हात ठेवला नव्हता, ते रीतीला धरून नव्हतं, हे मला मान्य. पण मग बॉनेटवर कसा चालतो?

जेवताना सगळं बाहेर आलं. लपवायला गेले असते तर बरं झालं असतं. सांगतानाच त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझं पित्त खवळलं. भूकंपानंतर नव्या गावांची घरं बांधायला दगड-सिमेंट वाहणारे ट्रक त्या भागात रात्रंदिवस फिरत होते, त्यातल्या कितीतरींचे पंप ह्यांनी दुरुस्त केले होते. त्यातला एक छोटा ट्रक आता नांदेडच्या भंगारात येऊन पडला होता. ह्यांनी तो ओळखला आणि त्याचा टर्बो काढून आणला. टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला भाकरीच्या तुकड्यावर समजावलं. एका दांड्याला दोन टोकांना दोन भिंगऱ्या. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका भिंगरीला फिरवतो, त्यामुळं दुसरी फिरते आणि ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळणार, म्हणजे गाडीला जोर जास्त.

"वाया चाललेल्या धुराचं काम करून घेऊन राहिलो," ते म्हणाले. "पाण्याच्या पाइपचे जाड बेंड कापून धुराची नळी बनवली. तेलाची लाइन ट्रॅक्टरची हाय. हवेचा दाब बघायला फवारणीच्या पंपाचा मीटर बसवला. सगळं घरचंच."

"आणि आल्यावर तिच्यात बसून काय राहता?"

"ती भिंगरी लालबुंद व्हती न पळून आल्यावर. इंजिन चालू हाय तवर तिला तेल मिळतं. एकदम बंद केलं की तेल थांबतं, आतच जळतं, दांडा धरतो. तिला निवू द्यावं लागतं दोन मिन्टं."

तिला निवू द्यावं लागतं. मी चुलीपुढं भाजून निघायची, मला निवू देणारा कुणी नव्हता. बाई असती तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

आणि हे सगळं कशासाठी? तर शर्यतीसाठी. लातूर, नांदेड, उदगीर, सोलापूरकडच्या गॅरेजवाल्यांनी मिळून एक टूम काढली होती. भूकंपानंतर वसवलेल्या गावांतले रस्ते ऐसपैस, सरळसोट. घरं दूर दूर, रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा नाही. अशा एका गावच्या सरपंचाला विचारून तिथं जुन्या गाड्या पळवायच्या, दोन-दोन. बक्षीस म्हणजे एक ढाल आणि फेटा. ह्यांनी आयुष्यात कधी कसल्या स्पर्धेत भाग घेतला नव्हता. माझ्याशी लग्न करतानासुद्धा पहिल्याच बघण्यात हो म्हणून मोकळे झाले होते, म्हणजे तिथंही शर्यत नव्हतीच.

मला खरा घाव बसला तो त्यानंतर. त्यांनी मला संध्याकाळी चक्कर मारायला चल म्हटलं. मी साडी बदलली, बिलोलीला ऐकू जाईल असं "जरा फिरून येतो आम्ही" म्हटलं आणि डावं दार उघडलं. आत सीटच नव्हतं. नुसता पत्रा, त्यावर चार बोल्टांची भोकं आणि तेलाचा एक डबा.

"सीट कुठाय?"

"काढलं. वजन कमी करावं लागतं. मागं बस न."

माझं सीट. सासऱ्यांच्या पश्चात त्या गाडीत माझं असं काही असेल तर ते एक सीट. लेक पोटात असताना मी त्याच्यावर बसून दवाखान्यात गेले होते. ते आता वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांना टेकायला ठेवलंय, असं कळलं. मी मागं बसले नाही. साडी परत बदलली आणि भांडी घासायला घेतली. बाहेरून शिट्टीचा आवाज लांब गेला आणि बऱ्याच वेळानं जवळ आला, तेव्हा गाडीतून हे आणि आमची लेक उतरली. ती मागच्या सीटवरून पुढं वाकून तो फवारणीचा मीटर वाचत होती म्हणे.

"आई, काटा असला चढतो न! पण पप्पा, मधेच इंजिन गुदमरतं. कार्बोरेटरच्या बाहेरून दाब आला तर पेट्रोल कसं वर येईल? आतबाहेर दाब सारखाच पायजे."

"हाव, तेच तर," हे म्हणाले, आणि बापलेक असे एकमेकांकडं बघून हसले की मी त्या खोलीत भाड्यानं राहत असल्यासारखं मला वाटलं. तशी राहत होतेच म्हणा.

मी पोटच्या पोरीवर जळले, हे लिहायला मला काही वाटत नाही. जळले तर जळले. तिच्यासाठी नोकरी, घर, गाव सोडून आले मी; तिला पहाटे उठवून केसांना तेल लावणारी मी. पण फोनवर बापाशी बोलताना तिला जो चेव यायचा तो माझ्याशी बोलताना यायचा नाही. बूथच्या काचेबाहेर मी सुटे पैसे मुठीत धरून उभी असायची आणि आत ती हातवारे करत असायची. माझ्यापर्यंत तुकडे यायचे. कार्बोरेटर अख्खाच डब्यात बंद करायचा. बाजारचा डबा फुगला. झाकण उडालं. दुसरंही उडालं. बाहेर आल्यावर मी विचारायची, "काय म्हणत होते?" तर ती म्हणायची, "काही नाही, तुला विचारत होते बरी आहे का." इतकं बोलून माझ्या वाट्याला एवढंच यायचं.

दिवाळीला क्लासला सुट्टी जेमतेम होती म्हणून आम्ही नांदेडला गेलो नाही. मी फराळ इथंच केला आणि ह्यांच्यासाठी पाठवायचा म्हणून मोठा डबा काढला. ह्या डब्याबद्दल सांगायला हवं. तो मला लग्नात मामांनी दिला होता. कडीचा, उंच, जाड स्टीलचा. एका हातानं उचलायला जड. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, "मामांकडून" आणि त्याखाली माझं नाव. माझं म्हणजे माहेरचं. सासरी लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि तेव्हापासून जुन्या नावानं मला फक्त माहेरची माणसं हाक मारायची. आई-वडील गेले. राहिले मामा. ते औशाकडच्या एका गावात राहायचे आणि भूकंपात त्यांच्या घराच्या दगडी भिंतीखाली गेले. त्याच पहाटे नांदेडला आमच्या फळीवरून हा डबा खाली पडला आणि त्याला कडेला एक पोचा आला. आम्ही तेव्हा डब्याच्या आवाजानं जागे झालो होतो. मामांचं आम्हाला दुपारी कळलं. तो पोचा मी कधी काढू दिला नाही.

तर त्या डब्यात करंज्या, चिवडा, शंकरपाळे भरले आणि लेकीच्या हातानं स्टँडवर धाडला. तो परत आलाच नाही.

"एसटीतच ऱ्हायला वाटतं कुठं," हे फोनवर म्हणाले.

मी लातूरच्या स्टँडवर जाऊन जे भांडले ते तिथल्या लोकांच्या अजून लक्षात असेल. कंडक्टर बिचारा शपथा घेत होता. "मॅडम, साहेबांच्या हातात दिला मी डबा, गांधी टोपीची आण!" मी त्याला खोटारडा म्हटलं. कंट्रोलरकडं गेले. सोबत लेक होती, ती मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती. आईची लाज वाटत असेल असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात शर्यतीचा दिवस ठरला. ह्यांनी फोनवर मला बोलावलं, लेकीला नाही. तिची त्या रविवारी क्लासची परीक्षा होती, पण तरी मला बरं वाटलं. "ये न बघायला. एकदा बघ तर तिला पळताना." हे 'तिला' नसतं म्हटलं तर मी जास्त खुशीनं गेले असते. बिलोलीची म्हणाली, "मी बी येते ताई. दाजींची रेस न्हाई बघायची व्हय?" आम्ही दोघी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन त्या गावात उतरलो. मी जाताना मनाशी ठरवलं होतं की गाडी हरावी. देवळापुढून जीप गेली तेव्हा मी हात जोडले तेसुद्धा त्यासाठीच.

गावाच्या कमानीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तो रस्ता सरळ पडलेला. टाकीजवळच्या शाळेच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, तिथं आम्ही बसलो. कमानीपाशी गाड्या उभ्या होत्या. तिथली रीत अशी होती की पळण्याआधी प्रत्येकानं बॉनेट उघडून ठेवायचं, म्हणजे कुणी काय करामत केलीय ते सगळ्यांना दिसेल. माईक ज्याच्या हातात होता तो माणूस एरवी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पुकारा करायचा. त्याला मालकाचं नाव पुरायचं नाही. जोडीचं नाव पुकारल्याशिवाय त्याचा आवाजच निघायचा नाही, त्यामुळं तो प्रत्येक गाडीपाशी जाऊन तिचं नाव विचारत होता. एकानं वाघ्या सांगितलं, एकानं लेकाचं नाव सांगितलं. लोक हसत होते, शिट्ट्या वाजवत होते.

आणि मग भोंग्यातून माझं नाव आलं.

सासरचं नाही. दुसरंच. मामा हाक मारायचे ते. "येऊन राहिली बघा नांदेडची पोरगी!" असं म्हणून त्या माणसानं ते नाव ताणून, खणखणीत, पुन्हा एकदा घेतलं. मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, "ओ" म्हणायला तोंड उघडलं होतं मी. बिलोलीची माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं वो ताई?" तिला ते नाव माहीतच नव्हतं. तिथं ते कुणालाच माहीत नव्हतं.

क्षणभर काही कळेना. मग एकदमच कळलं. हे नाव जगात आता फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं. तो डबा एसटीत राहिला नव्हता. लेक स्टँडवर चपलेकडं का बघत होती तेही कळलं. बाजारचे डबे दाबानं फुगत होते, झाकणं उडत होती; मामांचा डबा फुगणारा नव्हता. त्यात कार्बोरेटर बसवून, झाकणावर लोखंडी पट्टी आवळून ह्यांनी तो बॉनेटखाली ठेवला होता, आणि माईकवाल्यानं त्यावरची अक्षरं वाचून ते गाडीचं नाव समजलं होतं. माझा रविवार घेतला तिनं, सीट घेतलं, लेक घेतली. आता नाव पण? जे नाव मला घरात कुणी ठेवू दिलं नाही, ते तिच्या पोटात बोल्ट मारून बसवलं?

निशाण पडलं. दोन गाड्या सुटल्या. शेजारची गाडी सुरुवातीला पुढं होती. मग ती शिट्टी सुरू झाली, बारीक, मग मोठी, आणि आमच्या फियाटनं असा जोर धरला की पायऱ्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. सासऱ्यांच्या काळापासून जी गाडी चढावर माणसं उतरवायची, ती शेपूट वर करून सुटलेल्या कालवडीसारखी आली. भोंगा माझ्या नावानं ओरडत होता. पोरं ओरडत होती. मी आयुष्यात कधी कुठं पळाले नव्हते. शाळेत असताना पळायची फार हौस होती, पण पोरींनी पळायचं नाही, असं होतं आमच्याकडं. आणि आता त्या नावाची कुणीतरी लोकांच्या देखत पळत होती, पुढं होती, आणि ती मी नव्हते. मला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रागाचं होतं की कशाचं, मला आज सांगता येणार नाही.

ती टाकी ओलांडून थांबली. जिंकली होती. अजून एक फेरी राहिली होती, शेवटची, ढालीची. लोक गाडीकडं धावले. हे आत नेहमीसारखे बसून, इंजिन चालू, मान कलती. तिची दोन मिनिटं सुरू झाली होती. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि बॉनेटसमोर उभी राहिले. मी भांडायला गेले होते. बंद करा ती, असं सगळ्या गावासमोर ओरडायचं ठरवून गेले होते. पण नुसतं रडत उभी राहिले, पदर तोंडाला लावून, अनोळखी गावात, शंभर माणसांत.

ह्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. मग भोंग्याकडं बघितलं. तो अजून माझंच नाव घेत होता. त्यांचा चेहरा उतरला. आणि त्यांनी किल्ली फिरवली.

तिथल्या तिथं. इंजिन बंद. शिट्टीचा शेवटचा तुकडा आपोआप बारीक होत विरला. हे दार उघडून खाली उतरले, माझ्याजवळ आले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात काळा होता. साडीवर पंजा उमटला.

"डबा काढून देऊ का?" ते म्हणाले.

"आत्ता कसा काढता? फेरी राहिलीय न तुमची."

"ऱ्हाऊ दे."

"जा, पळवा," मी म्हटलं. नाक ओढत म्हटलं, पण म्हटलं.

पळवता आली नाही. पुन्हा चालू केल्यावर शिट्टी वाजलीच नाही. खर्र असा आवाज आला आणि मागून निळा धूर निघाला, इतका की बिलोलीची खोकत शाळेत पळाली. आत तेल जळून दांडा धरला होता. गॅरेजवाले भोवती जमले, एकानं विचारलं, "साहेब, एकदम बंद केली का काय? तुमीच सांगत असता न समद्यास्नी, निवू द्या म्हणून?" ह्यांनी बॉनेट लावून टाकलं. ढाल सोलापूरच्या माणसानं नेली.

तो टर्बो परत दुरुस्त झाला नाही, किंवा ह्यांनी केला नाही. लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलली. माझं सीट त्याच महिन्यात जागेवर आलं. डबाही आला, पण त्याला आता पेट्रोलच्या नळीचं, एक्सिलेटरच्या तारेचं आणि हवेचं अशी भोकं आहेत आणि तळ तर कापलेलाच. त्यात काही राहत नाही. मी तो देवळीत उपडा ठेवलाय, नाव पुढं करून. बिलोलीच्या बाईला मी त्या दिवशी जीपमध्ये सांगितलं ते नाव, आणि ती अजून फोनवर मला त्याच नावानं हाक मारते.

ह्यांना मी पुढं कितीदा विचारलं. "त्या दिवशी विसरलात का मुद्दाम बंद केलीत?" ते दर वेळी म्हणतात, "विसरलो." मला ते खरं वाटत नाही, मशीनच्या बाबतीत हा माणूस काही विसरत नाही. पण समजा विसरले. तर मला बघून ते तिला विसरले. आणि मुद्दाम बंद केली असली, तर माझ्यासाठी त्यांनी तिला जळू दिलं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते, भांडी घासताना, अजूनसुद्धा. कुठूनही बघितलं तरी जिंकते मीच.